रोलमधला शेवटचा फोटो

अकोटच्या रस्त्यावर मी चहाला थांबले, तिथे दोन मोटारसायकलवाले कुणाचा कॅमेरा चांगला यावरून वाद घालत होते. एकाकडे डिजिटल कॅमेरा होता. दुसरा आपला जुना रोलचा कॅमेरा सदऱ्याच्या टोकाने पुसत होता. रोलमध्ये एकच फोटो उरलेला, तोही रिद्धपूरच्या देवळांसाठी राखलेला.

डिजिटलवाल्याने चहावाल्या मावशींचे दहा फोटो काढले. मावशींनी पाहून दहाही पुसायला लावले.

रोलवाला उठला. "मावशी, माह्याजवळ एकच हाये. आता पाहाले भेटत नाही, पुसाले बी नाही."

मावशी आत गेल्या, तोंड धुऊन, कुंकू लावून आल्या आणि ताठ उभ्या राहिल्या. त्याने फोटो काढला.

"अबे, आता रिद्धपूरले काय करशीन?" मित्र ओरडला.

"डोयानं पाहीन ना बे!"

मला घाई होती, तरी मी दुसरा चहा सांगितला.