साळवीकाकांचे डोळे

"डोळा कापता कशाने गं? ब्लेडने?"

साळवीकाकांचा मला विचारलेला हा पहिला प्रश्न. वागळे इस्टेटमधल्या आमच्या प्रयोगशाळेत दान आलेल्या डोळ्यांचे पातळ काप काढणं हे माझं काम. पण ज्याचे डोळे कापायचे तोच माणूस खुर्ची ओढून समोर बसलेला मी कधी पाहिला नव्हता. मी घाईने काप काढायच्या मशीनवर कापड टाकलं. काकांना मात्र मशीन जवळून बघायचं होतं.

काका मोहने गावच्या कारखान्यात फिटर होते. डोळ्यांचा मागचा पडदा कडेकडेने झिजत गेलेला. पुंगळीतून बघावं तेवढंच दिसायचं. कप दिसे, बशी दिसत नसे. हा आजार त्यांना आईकडून आलेला आणि आता त्यांची मुलगी सुलभा संध्याकाळी भिंत धरून जिना उतरू लागली होती. नेमका कुठल्या जनुकात दोष आहे, ते रक्ततपासणीत सापडलं नव्हतं; पडद्यात सापडण्याची शक्यता होती. म्हणून काकांनी मरणानंतर डोळे देण्याचा फॉर्म भरला. म्हणाले, "पुढची काच चांगली आहे, ती कुणाला तरी बसवा. मागचा पडदा तुम्ही ठेवा."

"काका, आजारी डोळे देताय, वाईट नाही वाटत?"

"अगं, चांगला पार्ट काय सांगणार? तुटलेलाच सांगतो, काय बिघडलं ते."

पुढे मी डबा उघडला की त्यांचा फोन ठरलेला. "आज खिडकीचे दोनच गज दिसले. लिहून घे." मला वैताग यायचा, खोटं कशाला बोलू? पण लिहून घ्यायचे.

काका गेले ते भर दुपारी. पडदा काही तासांतच खराब होतो, आणि काकांचे थोरले भाऊ चिपळूणहून निघालेले. फोनवर बजावत होते, "मी येईपर्यंत हात लावायचा नाही. पुढच्या जन्मी आंधळा जन्मेल तो."

काकू शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, या जन्मी तरी कुठे धड दिसलं त्यांना? तुम्ही सावकाश या. सुलूला थांबता येणार नाही." आणि त्यांनीच आम्हाला फोन केला.

महिन्याभराने सुलभा आली. दोष अजून सापडला नाही, वेळ लागेल, हे मी तिला सरळ सांगितलं. ती म्हणाली, "मला बघता येईल?"

मी काकांच्या पडद्याचा काप लावलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बराच वेळ बघून तिने विचारलं, "मधे हे जांभळं काय आहे, एवढंसं?"

"रंग दिलेल्या पेशी आहेत त्या. तेवढ्याच शेवटपर्यंत टिकल्या. काका तेवढ्यातूनच बघायचे."

तिने सूक्ष्मदर्शकावरून डोळा हलवला नाही. "म्हणून बाबा मला खांद्याला धरून अगदी समोर बसवायचे," ती म्हणाली. "आणि मी चिडून बाजूला सरकायचे."