धुऊन आलेला डबा

तारा आत्याच्या पुरणपोळ्यांची जाहिरात म्या केली, अन् तिचं नावही म्याच घालवलं.

सक्करदऱ्यात आत्या एकटी राहते. पंधरा वर्षांपासून पोळ्या करून विकते. गिऱ्हाइकाकडून तिचा डबा कधी रिकामा परत येत नसे. कोणी दोन लिंबं टाके, कोणी मूठभर साखर. शेजारच्या गल्लीतली उत्तरावहिनी तं हटकून कढीपत्ता. आत्या झाकण उघडून पाहे अन् म्हणे, "आवडल्या बरं त्याईले."

मी मोठा शहाणा. इन्स्टाग्रामवर तिचं पान काढलं. फोटो झकास, पण विचारत कुत्रं नव्हतं. लोक आधी दुसऱ्यांचं मत पाहतात, मग ऑर्डर देतात, हे मले ठाऊक होतं. पण गिऱ्हाइकाईच्या घरी जाऊन दोन ओळी मागायचा कंटाळा. वहिनीचा पोळी खातानाचा जुना फोटो मोबाइलमध्ये होता. तो टाकला अन् खाली तिच्या नावानं म्याच लिहिलं, "काल घरातल्या सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ल्या." दोन दिवसांत अकरा ऑर्डरी आल्या. आत्या हरखून गेली.

चौथ्या दिवशी वहिनीचा दीर केशव दारात उभा. कुहीले, त्याईच्या गावच्या घरी, त्याचे वडील नानाजी वारून सहा दिवस झाले होते. आमाले पत्ताच नाही. घरात सुतक, अन् सुनेनं पुरणपोळ्या हाणल्या असं साऱ्या नातलगाईनं वाचलेलं.

"काहून असं केलं, आत्याबाई?" एवढंच म्हणाला तो. चिडला असता तं बरं झालं असतं.

मी त्या दिवशी आत्याकडेच, आतल्या खोलीत होतो. बाहेर यायची हिंमत झाली नाही, त्याची लाज अजून वाटते. आत्यानं माझं नाव घेतलं नाही. "चुकलं बाबू," म्हणाली, "माझ्या दुकानाचं हाय, तं माझंच हाय."

मी पोस्ट काढून टाकली. कुहीले जाऊन वहिनीचे पाय धरले. तिनं ऐकून घेतलं, पण तो फोटो तोवर पाहुण्याईच्या मोबाइलवर फिरून राहिला होता.

ऑर्डरी आताही येतात. काल वहिनीच्या गल्लीतून एक डबा परत आला. आत्यानं सवयीनं झाकण उघडलं. डबा लख्ख धुतलेला होता, आत काही नव्हतं. त्याचं कारण तिले माहीत होतं, तरी तिनं मलेच विचारलं, "जितू, पोळ्या तं बऱ्या झाल्या होत्या ना गा?"