सुतारकामाचा अर्ज

आमच्या घरात मार वरून खाली यायचा. वडील दादाला मारायचे, दादा मला मारायचा, आणि माझ्याखाली कुणी नव्हतं म्हणून मी शेजारची पोरं धरून बडवायचे. आई कुणाला मारायची नाही, ती भांडी आपटायची. कल्याणच्या जुन्या वस्तीत आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण ते आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं.

वडील ठाण्याच्या कोर्टात नकला करायचे. निकाल, जबान्या, जुने दस्तऐवज यांच्या प्रती हाताने लिहून द्यायच्या, हे त्यांचं काम. अक्षर असं सुरेख की वकील मुद्दाम त्यांच्याच हातची नक्कल मागायचे. त्या अक्षराचा त्यांना भारी अभिमान होता आणि ते आम्हा दोघांच्या हातात उतरवायचंच असा त्यांनी चंग बांधला होता. रोज संध्याकाळी आम्हाला समोर बसवून लिहून घ्यायचे. ओळ जरा वाकडी झाली की कचेरीतून आणलेला गोल रूळ बोटांच्या पेरांवर बसायचा. त्या माराने दादाचं अक्षर बिघडत गेलं आणि माझं सुधारत गेलं. तेराव्या वर्षी माझा कागद आणि वडिलांचा कागद शेजारी ठेवला, तर कुठला कुणाचा हे दादालाही सांगता येत नव्हतं.

आठवीत गेल्यावर विषय निवडायचा होता. एक तर संस्कृत, नाही तर वरचं गणित, नाही तर मुलींसाठी गृहशास्त्र. मला यातलं काही म्हणजे काही नको होतं. संस्कृत काय असतं ते मी दादामुळे घरबसल्या पाहिलं होतं. शब्द चालवताना तो अडकला की वडील त्याचं डोकं भिंतीवर आपटायचे, आणि तो रडत रडत पुढची विभक्ती म्हणायचा. गणिताचे मास्तर मुलांच्या कानाची पाळी नखात धरून पिळायचे, रक्त निघेपर्यंत. आणि गृहशास्त्र म्हणजे वर्षभर रुमालाच्या कडा शिवायच्या आणि आजाऱ्याची पेज कशी करावी ते वहीत उतरवायचं. ते तर मी घरी रोज करत होते, वहीत न उतरवता.

पण यादीत सगळ्यात खाली चौथा विषय होता, सुतारकाम. शाळेच्या मागे पत्र्याची शेड होती, तिथे तो चालायचा. नापास होत होत आलेली, आडदांड पोरं तिकडे पाठवायचे. मुलींना मनाई असं कुठेही लिहिलं नव्हतं, कारण कुणी मुलगी हे मागेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मला मात्र खाडीजवळच्या लाकडाच्या वखारींचं लहानपणापासून वेड होतं. तिथे माणसं दिवसभर घाव घालायची, आणि संध्याकाळी त्यातून काहीतरी उभं राहिलेलं असायचं. आमच्या घरातही दिवसभर घावच पडायचे, पण उभं काही राहात नव्हतं. मला खरं तर हातात हातोडी हवी होती. माझे हात सदा शिवशिवायचे, आणि रोज कुणाचं ना कुणाचं पोर बडवून मी कंटाळले होते.

मी वडिलांना सरळ विचारलं. जेवायला बसले होते. त्यांनी घास खाली ठेवला आणि उष्ट्या हातानेच शेजारचा पाण्याचा तांब्या उचलून माझ्या तोंडावर फेकला. खालचा ओठ फाटला.

"गृहशास्त्र घ्यायचं," ते म्हणाले. "दोन वर्षं शिकवतो, मग स्थळं बघायची आहेत. सुतारीण व्हायचंय हिला!"

दादा हसला. तो हसला म्हणून त्यालाही एक बसली.

दुसऱ्या दिवशी सुजलेला ओठ घेऊन मी हेडमास्तरांपुढे उभी राहिले आणि सुतारकाम पाहिजे म्हणाले. त्यांनी विषयांची यादी काढून पाहिली. मग म्हणाले, "वडिलांचं पत्र आण." त्यांना वाटलं असणार, प्रकरण तिथेच मिटलं. मी मधल्या सुट्टीत शाळेजवळच्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसून पत्र लिहिलं, वडिलांच्या अक्षरात, वडिलांच्या भाषेत, खाली वडिलांची सही. इतकी वर्षं पेरांवर रूळ खाल्ला होता, त्याची ही वसुली आहे असंच मला वाटत होतं.

पुढचे चार महिने माझ्या आयुष्यातले पहिले सुखाचे. सुतारकाम शिकवणारे मिस्त्री म्हातारे होते, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी म्हणाले, "काय गं पोरी, वाट चुकलीस का?" मी नाही म्हटलं. "मग धर." त्यांनी मला खाचा पाडायची एक पटाशी दिली, एक हातोडी दिली आणि सागाचा तुकडा पुढ्यात टाकला. मी त्याच्यावर असे घाव घातले की त्याच्या चिरफळ्या उडाल्या. मिस्त्रींनी लाकडी फूटपट्टी माझ्या पाठीत घातली. "लाकडावर राग काढायचा नाय," ते म्हणाले, "लाकूड सोसत नाय, फुटतं." मारकुटे तेही होते, उगाच खोटं कशाला सांगू. पण त्यांच्या प्रत्येक फटक्यानंतर मला काहीतरी नवं करता यायचं. दोन महिन्यांत मी खाचेत खाच अशी बसवायला लागले की मध्ये केससुद्धा जाऊ नये. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं, कित्येक आठवड्यांत मी एकाही पोराला हात लावला नव्हता.

मग नवरात्र आलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मिस्त्रींनी आम्हाला बजावलं, "ज्याची हत्यारं त्यानं आपल्या घरी पुजायची. न पुजलेल्या हत्याराला मी परत हात लावू देणार नाय." त्यांच्या दृष्टीने ही साधी गोष्ट होती. सुताराघरी रंधा, कोळ्याघरी जाळं, तसं. आमच्याही घरी पूजा असायचीच, वडिलांच्या टाकाची, दौतीची आणि त्या रुळाची.

हत्यारं चोरून पुजता आली असती. शेजारी एक काकू होत्या, त्यांच्याकडे नेली असती तर त्यांनी हळदकुंकू लावून दिलं असतं. पण मला लपवालपवीचा वीट आला होता. शिवाय मी माझ्या मते मोठा हिशेबी डाव टाकला होता. सणावाराला घरात कुणी कुणावर हात उगारायचा नाही, हा आजोबांपासूनचा दंडक होता. पूजा झाली, नैवेद्य झाला की वडील शांत असतील, तेव्हा सगळं सांगून टाकायचं आणि पायावर डोकं ठेवायचं. अशी मी शहाणी!

पाटावर टाक, दौत आणि रूळ मांडून झाले होते. दादाची पुस्तकं होती. मी त्यांच्या शेजारी पटाशी आणि हातोडी ठेवली.

वडिलांनी पाहिलं. त्यांनी सगळी पूजा यथासांग केली. टाकाला गंध-कुंकू लावलं, दौतीला लावलं, रुळाला लावलं, माझ्या पटाशीला आणि हातोडीलाही लावलं. झेंडू वाहिला. आरती म्हटली. आई दारात पदर तोंडावर धरून उभी होती, तिला कळलं होतं. आरतीचं तबक खाली ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "कुणाची?"

"माझी," मी म्हणाले. "शाळेतली. मी सुतारकाम घेतलंय."

"कुणाच्या परवानगीने?"

"तुमच्या. तुमचं पत्र मी लिहिलं, अण्णा."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. जन्मभर कोर्टात काढलेला माणूस. "खोटी सही?" ते म्हणाले. "माझी? खोट्या सहीला तुरुंग असतो, ठाऊक आहे तुला?" आणि त्यांनी पाटावरचा रूळ उचलला.

"अहो, पुजलेलं उचलू नका!" आई ओरडली. तिला त्या क्षणी हेच सुचलं. पहिला फटका माझ्या खांद्यावर बसला, दुसरा कानावर. मग किती बसले मला माहीत नाही. मी पाटाजवळ गुडघ्यांवर पडले होते, डाव्या कानात नुसतं घुंई घुंई चाललं होतं. रुळाचं ओलं कुंकू माझ्या परकराला लागलं होतं, का ते रक्त होतं, ते तेव्हा कळलं नाही. दमून ते थांबले. मग म्हणाले, "ही ब्याद आत्ताच्या आत्ता विहिरीत टाकतो," आणि पटाशी उचलायला वाकले. त्यांचा उजवा हात पाटावर टेकला.

मी हातोडी उचलली आणि त्या हातावर घातली.

चुकून लागली असं मी पुढे मोठेपणी पुष्कळांना सांगितलं. चुकून नव्हे. नेम धरून घातली, मिस्त्रींनी शिकवलं होतं तशी, मनगटातून. दोन बोटं मोडली. वडील ओरडले नाहीत. पाटाशी बसून राहिले आणि हाताकडे बघत राहिले, आणि दादा घाबरून मोठमोठ्याने रडायला लागला. मला त्या क्षणी आनंद झाला होता. तो आनंद मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. तो अगदी थोडा वेळ टिकला.

हाडवैद्याला सांगितलं, दारात हात सापडला. कोर्टात तेच, शेजारीपाजारी तेच. बोटं सांधली, पण ताठ राहिली. टाक धरता येईना. पुढे साहेबांनी त्यांना दप्तरखान्यात टाकलं, कागदांचे गठ्ठे लावायला. त्या दिवाळीत मात्र बोटं अजून फळ्यांत बांधलेली होती, आणि टाक परत धरता येईल अशी त्यांची आशा होती. महिनाभर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका सकाळी म्हणाले, "चल शाळेत. तो विषय काढून टाकायचाय." मी मुकाट्याने निघाले. आता भांडायला माझ्यात काही उरलं नव्हतं.

हेडमास्तरांनी ऐकून घेतलं, कपाटातून फाईल काढली आणि माझं पत्र त्यांच्यापुढे धरलं. "तुम्हीच तर लिहून दिलंत. हे अक्षर आणखी कुणाचं असणार?"

वडिलांनी पत्र डाव्या हातात घेतलं. पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचलं, एखादी नक्कल तपासतात तसं, सावकाश. बनावट आहे म्हणाले असते तर मला त्याच दिवशी शाळेतून काढलं असतं.

"माझंच आहे," ते म्हणाले.

"मग आता विषय बदलायचा तर तसं लेखी द्या. हाताला लागलंय तुमच्या? हरकत नाही, तुम्ही सांगा, मुलगी लिहील." हेडमास्तरांनी कोरा कागद आणि टाक माझ्यापुढे सरकवला.

मी टाक उचलला. मला दुसरं अक्षरच येत नव्हतं. कागदावर एक ओळ उमटली असती की शेजारच्या पत्राशी ती हुबेहूब जुळली असती. हे मला कळत होतं आणि वडिलांनाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्या बोटांकडे बघत होते, टाक मी कसा धरलाय तिकडे. पट्टीतला त्यांचा हात छातीशी होता.

"राहू द्या," ते म्हणाले. "आहे तोच विषय राहू द्या."

शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर ते थांबले आणि वळून त्यांनी भर रस्त्यात माझ्या थोबाडीत मारली. डाव्या हाताने. त्या हाताची त्यांना सवय नव्हती. नेम चुकला, बोटं गालावरून नुसती सरकली. येणारीजाणारी माणसं बघत होती. मी तिथेच मातीत फतकल मारून बसले आणि लहान पोरासारखं भोकाड पसरलं, कारण इतक्या वर्षांत त्यांच्या हातचा मला न लागलेला तो पहिला मार होता.