ओळखीत सूट नाही

यंत्राच्या डोळ्यात काय सलतंय हे उभ्या उभ्या सांगणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच होता, आणि तो आमच्या वाट्याला आला होता. आबा रोज धरणगावहून एसटीने जळगावला आमच्या कारखान्यात यायचे. आम्ही एलईडी दिव्यांच्या पट्ट्या बनवतो. यंत्र खसखशीएवढा भाग नळीने उचलतं, कॅमेऱ्यासमोर धरतं, ओळख पटली तर पट्टीवर बसवतं, नाहीतर सरळ डब्यात टाकून देतं. असं फार व्हायला लागलं की आबांना हाक जायची. आबा आधी यंत्राला नमस्कार करत, मग कॅमेऱ्याची काच जुन्या धोतराच्या तुकड्याने पुसत. विकतचं कापड म्हणे काचेला बोचतं. मग डोळे मिटून भाग पडल्याचा आवाज ऐकत. त्या वेळी कोणी जांभई दिलेलीही त्यांना खपायची नाही. बरं, एवढी नाटकं करून दोष सापडायचाच, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. घाईच्या मालाला साहेब म्हणायचे, ओळख पटायला लागणारी जुळणीची टक्केवारी जरा उतरवा, जाऊ द्या. आबांचं उत्तर ठरलेलं, “साहेब, वळखमा सूट देवानी नही.”

गेल्या उन्हाळ्यात मात्र भलतंच सुरू झालं. दुपारचे चार वाजले की यंत्र बिथरायचं आणि चांगले भाग धडाधड डब्यात टाकायचं. यंत्र मीच चालवायचे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहावं तर भागाच्या मागे फिकट, गोल, हलणारं काहीतरी, अगदी चेहऱ्यासारखं. एकदा ते माझ्या डोळ्यांदेखत सरकत जवळ आलं आणि थांबलं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बायकांनी यंत्राला लिंबू-मिरची बांधली. आबा हळूच मला म्हणाले, “माय, मशीनले कोनतरी दिखस.” इकडे साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं, शनिवारपर्यंत यंत्र सुधारलं नाही तर आबांनी घरी बसावं.

शुक्रवारी मी पडदा आणि यंत्र दोन्हींवर नजर ठेवून होते. चारला आबा चहा पिऊन रोजच्या तपासणीला आले, त्या उन्हाळ्यात नव्यानेच आणलेला दिवा कपाळाला बांधला आणि यंत्राच्या पारदर्शक झाकणाला नाक लावून वाकले. पडद्यावर ते गोल उगवलं. आबांनी मान हलवली, ते हललं. आबा मागे सरले, ते गेलं. मी डब्यातला एक भाग त्यांच्या तळहातावर ठेवला आणि कुठला ते विचारलं. ते त्याच्याकडे न बघता नुसतं अंगठ्याने चाचपत राहिले.

मी म्हटलं, “आबा, दिवा काढा.”

त्यांनी दिवा काढला आणि यंत्र बिनतक्रार चालू लागलं. ते किती तरी वेळ त्या आवाजाकडे कान लावून उभे होते. मी गयावया केली की कोणाला सांगू नका, पडदा मी वाचत जाईन, दुरुस्तीचं नाव तुमचंच होईल. आबांनी काच पुसायचा तुकडा घडी करून माझ्या हातात दिला, साहेबांच्या खोलीत गेले आणि स्वतःच सांगून आले की माझे डोळे गेले.

काचबिंदू होता. आता मी महिन्या-दोन महिन्यांनी धरणगावला जाते. दारात मुद्दाम नाव सांगत नाही. आबा मान कलती करून चपलांचा आवाज ऐकतात आणि लगेच ओळखतात. मागच्या खेपेला मात्र बराच वेळ गेला. त्यांचा चेहरा माझ्याच दिशेने होता, पण ते माझ्या मागे कोणाला तरी शोधत असल्यासारखे बघत होते.

“कोन शे?” त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. तेवढी सूट मी दिली.