जेसीबी निघाली, पण पोचेना

शनिवारी डोक्याला असा ताप झाला, की अजून पुरता उतरला नाही. लिहून तरी मोकळी होते...

मी एका ठेकेदाराकडे मशिनरीचं बघते. नहरांची, रस्त्यांची मोठी कामं निघतात, त्यांना पोकलेन, डोझर, टिप्पर भाड्याने आणायचे, ऑपरेटर मिळवायचे आणि सगळं वेळेवर साइटवर उभं करायचं. मशीन एकाची, ऑपरेटर दुसऱ्या गावचा, आणि दोघांचे फोन एकाच वेळी लागले असं आजवर झालेलं नाही.

आमच्या पवनीकडे एका नहराची पाळ खचली होती आणि सोमवारी पाणी सुटणार होतं. पाळ भरली नाही तर पाणी मधल्याच शेतांत घुसणार, शेवटच्या गावाला थेंब नाही. तिथे उन्हाळी धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, पाण्यावाचून पिवळे पडले होते. तिथल्या बायकांनी मला धानाच्या बांधीत नेऊन ते दाखवले आणि मी शब्द देऊन बसले... सोमवारच्या आत पाळ भरते म्हणून. हौस माझी, दुसरं काय!

मोठ्या मशिनी सगळ्या दुसरीकडे अडकलेल्या. फोन करून करून कान गरम झाले, तेव्हा कुठे एक जेसीबी मिळाली. ऑपरेटर सेवक. माणूस चांगला, हात एकदम साफ, पण कुणाला नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नाही.

आता आमच्याकडची रीत सांगते. गावातून जेसीबी चालली की ती एकट्या मालकाची राहत नाही, साऱ्या गावाची होते. कुणाला शेतातल्या आटलेल्या बोडीतला गाळ काढायचा असतो, कुणाला बांधीचा फुटलेला मातीचा धुरा नीट करायचा, कुणाला घरामागचा उकिरडा हलवायचा. 'दहाच मिनिटं लागते बापा' म्हणत माणूस सरळ रस्त्यात आडवा उभा राहतो. नाही म्हटलं तर ऑपरेटर माजला!

सेवक सकाळीच निघाला होता. फोन केला की 'बस, निघालोच मॅडम' आणि मागून कुणीतरी ओरडतंय, 'अजून थोडं इकडून घे...' इकडे साइटवर मुरुमाचे टिप्पर उभे, मजूर बसून, आणि इंजिनीयर साहेब दर थोड्या वेळाने विचारताहेत मशीन कुठे आहे. मी सांगायची, रस्त्यात आहे. खोटं तर नव्हतं ना!

दुपारी सेवकाचा फोनच बंद झाला. मी स्कूटी काढली आणि उलट्या दिशेने निघाले. प्रत्येक गावात वाटलं, आता भेटेल, आता भेटेल... कुठे काय! सगळीकडे एकच उत्तर, वरच्याच गावात आहे, येऊनच राहिली. एका ठिकाणी तर तीन-चार माणसं आधीच खुर्च्या टाकून वाट बघत होती. मी त्यांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

असं करत करत आमचं स्वतःचं गाव लागलं. आणि पाहते तर काय... जेसीबी आमच्याच बांधीत! बाबा डोक्याला दुपट्टा बांधून धुऱ्याकडे हातवारे करताहेत, आई चहाची किटली घेऊन उभी, बाजूला अर्धं गाव तमाशा बघतंय.

मला पाहून बाबा इतके खूश झाले की विचारू नका. 'आली काय? पाय, तुयीच मशीन हाये म्हणून थांबवली. होऊनच जाते आता.'

अरे देवा! रागाने रडू यायचं बाकी होतं. तो धुरा दर पावसाळ्यात फुटतो हे मलाही माहीत आहे, कामही खरंच थोडंसंच होतं. पण सारे माझ्याच तोंडाकडे बघत होते. इथे हो म्हटलं असतं तर पुढच्या गावात कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होते?

'नाही बाबा,' मी म्हटलं, 'तिकडे पऱ्हे मरून राहिले.' आणि सेवकाला सांगितलं, बकेट उचल, निघ.

सेवक बाबांकडे बघायला लागला. बाबा नुसते बाजूला झाले. धुरा अर्धाच राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, 'बापाचंही नाही आयकलं पोरीनं!' मी स्कूटी पुढे घातली.

आणि गंमत बघा, त्यानंतर एकाही गावात कुणी आडवं आलं नाही. बातमी आमच्या आधी पोचली होती. खुर्च्या टाकून बसलेल्यांनी मला पाहून मुकाट्याने पाय मागे घेतले. त्या संध्याकाळी आणि रविवारी पूर्ण दिवस राबून पाळ भरली. सोमवारी पाणी शेवटच्या गावापर्यंत गेलं.

बाबा मात्र बोलेनात. ताटावर बसायचे, जेवायचे, उठायचे. तशीही नातेवाइकांना ते माझी ओळख 'ठेकेदाराच्या हापिसात फोन उचलते' अशीच करून देतात. वाटलं, आता तेवढंही सांगणार नाहीत.

काल बाबांना त्यांच्या एका दोस्ताचा फोन आला. बाबांचा फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे आत मला सगळं ऐकू येत होतं. त्याला बांधी सपाट करायची होती... पोरीले सांगून जेसीबी पाठव म्हणे.

'काही फायदा नाही,' बाबा म्हणाले. 'मलेच नाही देल्ली तिनं, तुले कुठून देईन?'

आणि असे हसले, असे हसले... मग त्याला पहिल्यापासून सगळं सांगायला बसले. खचलेली पाळ, पिवळे पऱ्हे, शेवटच्या गावापर्यंत गेलेलं पाणी. आईने मला हातानेच खूण केली, बाहेर जाऊ नको म्हणून. मी दाराआड उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं.