अर्ध्या गालाला साबण

माझ्या ताईचा नवरा मला साखरपुड्यापासूनच आवडला नव्हता. दिवाळसणाला मात्र मी त्याचा मनापासून द्वेष करायला लागले, आणि त्याला निमित्त झाला एक परदेशी नट.

गुप्तहेरांच्या जुन्या इंग्रजी सिनेमांतला तो नट आम्हा दोघी बहिणींचा जीव की प्राण होता. पनवेलला एसटी स्टँडामागच्या व्हिडिओवाल्याकडे त्याच्या कॅसेटी मिळायच्या. ‘तुमी दोघीच नेता ह्या, दुसरा कोनी हात पन लावीत नाय,’ असं तो व्हिडिओवाला म्हणायचा. लोकांना गाड्या उडायला हव्या असत. आमचा नट लिफ्टमध्ये मारेकरी भेटला तरी ‘आधी तुम्ही’ म्हणून त्याला वाट करून द्यायचा. आणि तो दाढीचा प्रसंग! पिस्तूल घेऊन मागे उभा राहिलेला माणूस त्याला आरशात दिसतो. हा वळत नाही, घाईही करत नाही. एक गाल नीट पुरा करतो, वस्तरा धुतो, आणि मग दुसऱ्या गालाला साबण तसाच ठेवून मारामारीला लागतो. इंग्रजी मला निम्मंच कळायचं. कुठे बघायचं ते ताईनेच शिकवलं. ‘तोंडाकडे नको, मानेकडे बघ,’ ती म्हणायची. खरंच, चेहरा शांत असायचा आणि मानेची एक शीर तेवढी टरारून आलेली असायची.

जावई म्हणजे दहावा ग्रह. त्याच्या शांतीसाठी बाबांनी दिवाळीत व्हीसीआर भाड्याने आणला. कॅसेट मी आणली, ती ताईसाठी. वैशाखात लग्न झाल्यापासून तिने एकही सिनेमा पाहिला नव्हता. तिच्या मांडीला मांडी लावून तो दाढीचा प्रसंग पुन्हा एकदा बघायचा, एवढंच मला हवं होतं.

रिमोट अर्थातच जावयाच्या हातात. पुण्याहून आमच्याकडे येऊन त्याने आमच्यावर उपकारच केले होते. पनवेल म्हणजे एसटी थांबली की वडा खायला उतरायचं गाव, परत जाताना पळस्पे मागे पडलं की कुठे मोकळा श्वास येतो, असं आमच्याच चकल्या खात त्याचं चाललं होतं. नट पडद्यावर आला तसा तो हसला.

‘काय मेव्हणीबाई, ह्या म्हाताऱ्यावर भाळलात? अहो, विग आहे तो!’

त्याचं स्वतःचं कपाळ तेव्हाच टाळूकडे निघालं होतं, पण ते बोलायची सोय नव्हती. आई डोळे वटारून माझ्याकडेच बघत होती.

आरसा आला, साबण आला, आणि त्याने कॅसेट पुढे पळवली. ‘दाढी काय बघायची? मारामारी येऊ दे.’ गाढवाला गुळाची चव काय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘भावजी, मागे घ्या. ताईचा सगळ्यात आवडता सीन आहे तो.’

बाबा खोटंच खाकरले. तो ताईकडे वळला. ‘हो का गं? तुला आवडतो हा टकल्या?’

‘छे, मला कुठे?’ ताई लगेच म्हणाली. ‘हिचंच वेड ते. मी आपली सोबतीला बसायचे.’

तो खूश होऊन हसला, आईबाबाही हसले. ताई चहा टाकायला उठली. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. मला त्याच्यापेक्षा तिचा जास्त राग आला होता.

‘खोटारडी,’ मी म्हणाले. ‘हो म्हणाली असतीस तर काय गेलं असतं तुझं?’

ताईने आधी दाराकडे पाहिलं.

‘हळू बोल,’ ती कुजबुजली. ‘इथे तो काही करत नाही. घरी गेल्यावर करतो.’

मी कपबशा मांडल्या. त्याचा चहा मीच नेऊन दिला, आणि विचारलं, ‘साखर पुरे ना, भावजी?’