वैशालीच्या वाटचे राउंड

ही गोष्ट कालपर्यंत माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नव्हती. नवऱ्याला सांगितली नाही, सख्ख्या बहिणीला नाही. सुट्टीवर कोल्हापूरला गेले की अंबाबाईपुढं उभी राहते — तिथंसुद्धा हात जोडून मी भलतंच काहीतरी पुटपुटत आले. आज सांगणार आहे. फक्त मध्येच मला धीर देऊ नका. धीर दिला की मी गोड बोलून निसटते, ती कला माझ्यात लई आहे.

मी मंगल. पोलिसात होते, शस्त्रागारात. लवकर निवृत्ती घेतली आणि इकडं बहारीनला आले, एका सोन्याच्या व्यापाऱ्याच्या घरी. घरातल्या बायकांची राखणदारीण म्हणा. मॅडम आणि त्यांच्या मुली जातील तिथं आम्ही दोघी — मी आणि वैशाली. वैशाली कुडाळची, होमगार्डमध्ये घडलेली, माझ्याहून बरीच लहान. झिंज भागात एकाच फ्लॅटमध्ये राहायचो. ती सोलकढी करायची, मी तांबडा रस्सा, आणि दोघी एकमेकींच्या हाताला यथेच्छ नावं ठेवायचो. मला ताई म्हणायची. म्हणायची कशाला — अजूनही म्हणते. तेच तर टोचतं.

इथं पिस्तूल जवळ बाळगणं म्हणजे पोरखेळ नाही. परवाना त्या घराचा, मोजक्या माणसांपुरता. सुरक्षेचे मुख्य युसूफसाहेब, इथलेच. बायकांसाठी दोन लहान पिस्तुलं आली तेव्हा त्यांनी मला विचारलं, यात राउंड, म्हणजे गोळ्या, कुठल्या घालायच्या? झालं! मला कुणी काही विचारलं की माझी मान अशी ताठ होते म्हणून सांगू. मी म्हटलं, साहेब, सरावाचे गोल टोकाचे राउंड नकोत. ते माणसाच्या आरपार जातात आणि मागं उभ्या असलेल्या दुसऱ्याच कुणाला लागतात. आपल्या मागं-पुढं तर मॅडमच्या मुली असणार. पोकळ तोंडाचे घ्या, होलो पॉइंट. ते आत शिरले की उमलतात आणि तिथंच थांबतात.

हे खरं होतं. आजही खरं आहे. राउंड निवडण्यात मी चुकले नाही हो, पण निवडणं म्हणजे नुसतं डब्यावर बोट ठेवणं नव्हे. पोकळ तोंडाच्या राउंडला कड असते. एखाद्या पिस्तुलात ती कड नळीच्या तोंडाशी अडते, वर चढत नाही. म्हणून ज्या पिस्तुलात तो राउंड राहणार, त्याच पिस्तुलातून भरपूर झाडून बघायचा. शेजारच्या पिस्तुलातून नाही. त्याच. शस्त्रागारात हे मी किती नव्या पोरींना घोकून घ्यायला लावलं असेल!

आणि मीच काय केलं?

रेंजवर गेलो. राउंड थोडे होते, परवानगीच्या खटपटीत साहेबांचा जीव मेटाकुटीला आला होता. अर्धे माझ्या पिस्तुलासाठी, अर्धे वैशालीच्या. मी सुरू केलं. मागं आमचे बाकीचे गार्ड उभे, केरळचे दोघं आणि एक पठाण. एका भोकाशेजारी दुसरं भोक पडायला लागलं तसे ते वाहवा करायला लागले. वैशाली तर टाळ्याच पिटत होती — "नाद खुळा, ताई!" माझ्याकडूनच शिकली होती ते. आणि मला चढलं. अजून एक मॅगझिन. अजून एक. माझ्या पिस्तुलाची खात्री कधीच झाली होती, मी नुसती मिरवत होते. थांबले तेव्हा मॅगझिनमध्ये कायमचे भरून ठेवायचे तेवढेच राउंड उरले होते.

वैशाली म्हणाली, "आता माझां पिस्तूल?"

मी म्हटलं, तुझं माझ्याच पिस्तुलाची जुळी बहीण आहे, त्याला काय धाड भरलीय?

परत आलो तर युसूफसाहेब दारातच. त्यांच्या मोडक्या हिंदीत विचारलं, "मंगल, दोनों खलास?" म्हणजे दोन्ही पिस्तुलं तपासून झाली का. इथं दिवसभर हाच शब्द. काम झालं खलास, बोलणं संपलं खलास. आणि आपल्याकडं खलास म्हणजे? उरलं नाही, संपलं. मी म्हटलं, "खलास, साहेब."

पुढं किती वर्षं मी स्वतःची समजूत घालत राहिले, की मी राउंडबद्दल बोलले. राउंड खलास झाले, असंच मला म्हणायचं होतं. साहेबांनी आपल्या अर्थानं घेतलं, त्याला मी काय करू? काय पण सोयीचा शब्द सापडला होता मला! खोटं आहे ते. ते काय विचारतायत हे मला पक्कं कळलं होतं. राउंड मी मिरवण्यात उडवले, हे सांगायची लाज वाटली. एवढंच. त्या एवढ्याशा लाजेपायी मी वैशालीच्या कमरेला न तपासलेलं पिस्तूल बांधलं.

मुहर्रकच्या जुन्या गल्लीत मॅडमचं माहेर आहे. तिथंच घडलं, भर दुपारी. कामावरून काढलेला एक माणूस दारापाशी दबा धरून होता, हातात सुरा. मी गाडीच्या पलीकडच्या बाजूला, धाकटीला उतरवत होते. वैशाली मॅडमच्या पुढं. तिनं पिस्तूल काढलं. घरात लेकरं म्हणून चेंबर रिकामं ठेवायचा नियम होता, तेव्हा राउंड नळीत चढवायला आधी पिस्तुलाची वरची स्लाईड पूर्ण मागं ओढून सोडावी लागायची. तिनं ओढली. आणि परत पुढं येताना ती अर्ध्यावरच अडकली.

ती पळाली नाही, हे नीट ऐका. ती बाजूलासुद्धा झाली नाही. मुकं पिस्तूल तसंच धरून मॅडमच्या आडवी उभी राहिली आणि आलेला सुरा उघड्या हातानं धरला. मी पोचेपर्यंत तिनं तो सोडला नाही. मी त्या माणसाला मागून आडवा केला, शेजारचे धावले, पुढं पोलिसांनी नेला. मॅडमला ओरखडासुद्धा नाही.

वैशालीचं पिस्तूल जमिनीवर पडलं होतं. मी उचललं. राउंड नळीच्या तोंडाशी अडकलेला, त्याची कड चेपलेली. शस्त्रागारातल्या बाईला आणखी काय सांगायला लागतं? लोक वैशालीच्या हाताला ओढणी गुंडाळत होते आणि मी — मी पाठ फिरवून मॅगझिन काढलं, तो राउंड पाडला आणि खिशात घातला. आठवडाभरानं रेंजवर एकटी गेले. उरलेले राउंड त्याच पिस्तुलात घालून बघितले. पुन्हा अडकलं. मग मी साहेबांकडून खरं कारण न सांगता दुसऱ्या बनावटीचे राउंड मागवले, बुजलेल्या तोंडाचे, कड नसलेले, आणि ते मात्र अगदी मन लावून तपासले.

घडलं त्याच दिवशी साहेबांनी विचारलं होतं, पिस्तूल का चाललं नाही? तेव्हा मी काय म्हणाले ते आता सांगते. त्याच्यासाठीच एवढं बोलले. मी म्हणाले, "ती घाबरली. स्लाईड अर्धीच ओढली."

स्लाईड अर्धी ओढली तरी राउंड अडकू शकतो, त्यामुळं कुणी शंका घेतली नाही. वैशालीनंसुद्धा नाही. हॉस्पिटलात पट्ट्या बांधलेला हात उशीवर ठेवून ती मलाच म्हणाली, "माझोच हात थरथरलो असतलो गे ताई." मी तिचे केस मागं सारले. पाणी पाजलं. गप्प बसले. अशी मी ताई! तिचा व्हिसा रद्द झाला, मॅडमनी भरल्या डोळ्यांनी निरोप दिला, विमानतळावर मी गळ्यात पडून रडले. खरंच रडले, ते सोंग नव्हतं. पण तोंड उघडलं नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी झाकलेली राहिली. तिची मिटतच नाही, दोन बोटं वाकत नाहीत. आंबोळी उलटताना हातातून उलथणं सुटतं, म्हणते, आणि वर हसते.

मग आज का? कारण परवा तिचा आवाजी मेसेज आला. तिची लेक पोलिस भरतीला उभी राहायची म्हणते. पहाटे धावायला जाते. वैशालीनं तिला बजावलंय, जाऊ नको, आपल्या रक्तात धीर नाही, आयत्या वेळी आपले हात कापतात. पोरगी ऐकत नाही. तर आता — "ताई, तूच तिका समजाव. तुजा ऐकतली ती."

मी तो मेसेज गाडीत ऐकला, उम्म अल हस्समच्या सिग्नलला. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारायला लागले, मला गाडी पुढं घेता येईना. माझं ते एक खोटं वाक्य आता बेडीसारखं त्या पोरीच्या पायात घालायचं? तेही माझ्याच हातानं? नाही. तिथंच ठरवलं. नाही म्हणजे नाही.

आज सकाळी युसूफसाहेबांकडं गेले. या वेळी सोयीचा शब्द वापरला नाही. पिस्तूल तपासलं नव्हतं, राउंड मी उडवले, वैशाली घाबरली नव्हती, मी खोटं बोलले — एकेक करून सांगितलं. ते एकच शब्द म्हणाले. "खलास." त्याचा अर्थ मी विचारला नाही. पिस्तूल आणि कार्ड टेबलावर ठेवून बाहेर आले.

फ्लॅटवर येऊन कुडाळला फोन लावला. "बोल गे ताई," ती म्हणाली. मागं चुलीवर काहीतरी चुरचुरत होतं. मी सगळं सांगितलं, रेंजपासून हॉस्पिटलपर्यंत, जसं आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. माफी मागितली नाही. मागितली असती तर तिनं दिली असती, ती तशीच आहे.

मागचं चुरचुरणं थांबलं, तिनं चुलीवरचं उतरवलं असावं. मग तिनं अगदी हळू विचारलं, "म्हणजे ताई... मी स्लाईड पुरी ओढलेली?"

"पुरी ओढली होतीस," मी म्हटलं.

तिनं फोन ठेवला.